कुलपाची जबानी

आधीच सांगून ठेवतो, माझं बोलणं कानाला गोड लागायचं नाही. मी कुलूप आहे. साधंसुधं नव्हे हं! बोटं ओळखणारं, आकडे दाबले की उघडणारं, माणूस बाहेर पडला की पाठोपाठ आपणहून बंद होणारं, काळ्या चकचकीत तोंडाचं कुलूप. आता ते तोंड सुताराच्या पटाशीच्या घावांनी फुटलंय, कडी वाकलीय आणि पोटात एकही सेल नाही. पण मला एक गोष्ट ठाऊक आहे. या घरात ती आणखी एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो तोंडातून ब्र काढत नाही. म्हणून मला बोलणं भाग आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. पत्र्याचं छप्पर, पांढरे दिवे, आणि टेबलांच्या रांगा. शेवटच्या टेबलावर आमची परीक्षा व्हायची. तिथे बसलेल्या मुली विशी-बाविशीच्या. एकेकीने येऊन बोट टेकवायचं आणि मी 'टिंग' करून उघडायचं. शंभर बोटं टेकली, शंभरही मी ओळखली. माझ्या छातीवर हिरवी चिठ्ठी लागली तेव्हा मी नुसता फुगलो होतो. साठी उलटलेलं एकही बोट त्या टेबलावर आलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

मला घरी आणलं ते हौशाने. हे त्याचं खरं नाव नव्हे, त्याच्या आईने त्याला लाडाने ठेवलेलं. तो फरशांच्या शोरूममध्ये विक्रीला होता. गिऱ्हाइकाला आठ प्रकारच्या फरशा दाखवून नववी गळ्यात मारायची, हे त्याचं काम. आणि स्वतः मात्र कुणीही काहीही गळ्यात मारावं, असा भोळा. बायको औषधांच्या दुकानात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. घरात चार वर्षांची मुलगी. तिला सगळे मुंगी म्हणायचे. आणि मुंगीला सांभाळायला हौशाची आई, म्हणजे आजी. तिसऱ्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं घर, एवढा सगळा संसार.

दारात राहून मला एक गोष्ट चांगली कळली. या घरात यंत्रं आत येत, बाहेर जात नसत. मी लागायच्या आधीच पाव भाजायचं यंत्र आलेलं होतं, पाय चोळायचं आलेलं होतं, अंडी उकडायचं आलेलं होतं, वाफेने फरशी पुसणारं आलेलं होतं. माझ्यासमोर फळांचा रस काढणारं आलं, कणीक मळणारं आलं, कपड्यांवरचे गोळे भादरणारं आलं. पहिले आठ दिवस नुसती धमाल. "आता बघ आई, तुला काही म्हणून काही करायला नको!" मग पंधरा दिवस कधीमधी. मग ते ओट्यावर शेगडीला खेटून उभं राहायचं, आणि त्याच्या मागून दुसरं आलं की माळ्यावर, आपल्या खोक्यासकट.

माझं मात्र तसं नव्हतं. रसाच्या यंत्राची हौस फिटली तर माणूस हाताने फळ कापून खातो. कुलपाची हौस फिटली तरी कुलूप दारातच राहतं, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याच्याच हाताखालून ये-जा करावी लागते. माझ्याकडे पाहायचं सगळ्यांनी सोडून दिलं, पण माझ्याशिवाय कुणाला घरात पाऊल टाकता येत नव्हतं. त्या गोष्टीची मला तेव्हा घमेंड होती. आज भीती वाटते.

मी बसलो त्या संध्याकाळी सगळे दारात जमले होते. हौशाचं बोट टिंग. त्याच्या बायकोचं टिंग. मुंगीला उचलून घेतलं, तिचंही इवलंसं बोट टिंग. मग आजी पदराला हात पुसत आली. टेकवलं बोट. मी पाहिलं आणि गोंधळलो. बोटावर रेषाच नव्हत्या. काचेवर काच ठेवावी तसं वाटलं. मी लाल दिवा लावला.

"आई, नीट दाब की जरा."

"नीटच दाबतेय रे बाबा."

"दुसरं बोट लाव."

दहाही बोटं झाली. दहाही वेळा लाल.

आजी हसली. तिने तीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात काढली होती. रोज शेकडो कागदांच्या घड्या घालायच्या, बोटांनी घासून मोडी पक्क्या करायच्या, खळ लावायची, पुठ्ठे डकवायचे. "लोकांची पुस्तकं बांधता बांधता माझी पानं कोरी झाली बघ," ती म्हणाली. सगळे हसले. मीसुद्धा मनात हसलो असेन. पण हौशा म्हणाला, "कंपनीवाले म्हणतात सगळ्यांची बोटं चालतात. तुझंच काहीतरी वेगळं आहे, आई." त्या घरात यंत्र फसलं की चूक आजीच्या माथी, ही सुरुवात तिथूनच झाली.

तिला सहा आकडे दिले. तिने ते दोनदा पुटपुटले आणि झाले पाठ. तिने चावीही मागितली होती, कारण अडीअडचणीसाठी माझ्यासोबत एक खरीखुरी चावी येते.

"चावीच हवी असेल तर हे कुलूप कशाला घेतलं?" हौशा म्हणाला, आणि त्याने चावी माझ्या खोक्यात ठेवली, माहितीपुस्तिकेच्या पाकिटात, चिकटपट्टी मारून. खोकं गेलं माळ्यावर. घराबाहेर अडकलेल्या माणसाला उपयोगी पडावी म्हणून दिलेली चावी त्याने घराच्या आत, तीही शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. खोक्यातली वस्तू खोक्यात, हा त्याचा नियमच होता.

पुढे एकदा मुंगी आतला दांडा ओढून एकटीच जिन्यात गेली. घरात रडारड झाली, आणि हौशाने माझ्या आतल्या अंगाची एक कळ फिरवून ठेवली. त्यानंतर आतून दांडा ओढून दार उघडेना. वर, पोरीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर माझं एक बटण आहे, ते दाबायचं. त्या बटणालाही सेलच लागतात. कुणी विचार केला नाही त्याचा, आणि खरं सांगायचं तर मीही केला नाही.

आता आकड्यांचं ऐका. दर तीन महिन्यांनी आकडे बदला, असं मला बनवणारी कंपनी हौशाच्या फोनवर कळवायची. एका सकाळी त्याने ते बदलले आणि बुटाची नाडी बांधता बांधता बायकोला म्हणाला, "आईला सांग गं." ती बाहेर पडण्याच्या गडबडीत. तिला वाटलं, सांगेल की हाच. तो शोरूमला गेला, ती दुकानात. दुपारी आजी मुंगीला घेऊन भाजी आणायला गेली आणि परत येऊन जुने आकडे दाबत बसली. मी लाल. पुन्हा लाल. पाऊण तास ती जिन्याच्या पायरीवर बसून होती, झोपलेल्या मुंगीचं डोकं मांडीवर घेऊन.

हौशा आला. "आई! नवीन आकडे सांगितले होते ना तुला?"

आजीने आठवून पाहिलं. मला तिचा चेहरा दिसत होता. तिला काहीच सापडत नव्हतं, कारण सापडण्यासारखं काही नव्हतंच. तरी ती म्हणाली, "सांगितले असशील बाबा. लक्षात नाही राहिलं."

माणसं मनातलं बोलतात ते घरात नाही बोलत. दाराबाहेर पाऊल टाकलं, दार मागे बंद झालं, की मग बोलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हौशाची बायको माझ्यासमोर उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "हे बघ, मला आईंबद्दल वाईट बोलायचं नाहीये. पण विसरायला लागल्यात त्या. उद्या गॅस विसरल्या तर? आणखी एकदा काही झालं तर मुंगीला त्यांच्याजवळ ठेवायची माझी छाती नाही."

"मग आईला कुठे ठेवायचं?"

"असतात की जागा. चांगली सोय असते तिथे. आपण दर रविवारी जाऊ."

हौशा काही बोलला नाही, आणि त्या घरात तो बोलला नाही म्हणजे त्याला पटलेलं असायचं. दार माझ्या पाठीमागे होतं आणि त्या दाराच्या पाठीमागे आजी मुंगीची वेणी घालत होती. आता एक चूक, आणि म्हातारीची नात सुटणार आणि घरही सुटणार. ती चूक तिची नसली तरी चालणार होतं, हेही मला त्या दिवशी उमगलं.

मग आली ती मिरपुडीची दांडी.

वीतभर उंच, रुपेरी, आडवी धरून बटण दाबलं की गुरगुरत मिरी दळणारी, आणि दळताना खालून निळा उजेड पाडणारी. हौशाने शोरूमच्या साहेबांना बायकोसकट जेवायला बोलावलं होतं आणि त्यांच्यासमोर तिचं कौतुक करायचं होतं. तिला चार सेल लागत. सेल सोबत आले नव्हते. पाहुणे जिना चढत होते.

या घरात सेलांची एक रीत होती. नवे सेल कुणी आणायचं नाही, असलेले फिरवायचे. टीव्हीच्या रिमोटचे घड्याळाला, घड्याळाचे वजनकाट्याला. अगदीच संपले की ते एका पत्र्याच्या डब्यात जात, आणि डबा खिडकीत उन्हाला. जरा जीव धरतील, म्हणून. त्या डब्यात आजीच्या रेडिओचे जुने सेल असत, लाल पट्ट्याचे. ती तेवढेच वापरायची. माझ्या पोटात मात्र निळ्या पट्ट्याचे चार होते, खास माझ्यासाठी आणलेले, दोन वर्षं टिकणारे.

हौशाने माझ्या आतल्या बाजूचं झाकण सरकवलं. चार निळे काढले, दांडीत घातले. डब्यातले चार लाल उचलून माझ्या पोटात कोंबले. "आजच्यापुरतं," तो स्वतःशीच म्हणाला. आजी तेव्हा आत खुर्च्या मांडत होती, आणि त्याची बायको कपडे बदलत होती. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

साहेबांनी दांडी हातात घेतली. "वा! उजेडपण पडतो?" दोन मिनिटं सगळ्यांनी आपापल्या ताटात मिरपूड पाडली. मग ती टेबलाच्या कडेला गेली आणि पुन्हा तिला कुणी हात लावला नाही.

तिसऱ्या दिवसापासून मला धाप लागायला लागली. दार उघडताना कडी अडखळायची. मी सूचना देतो, तशी दिली. टूं, टूं, टूं. हौशाच्या फोनवर निरोप पाठवला. त्याच्या फोनवर पाव भाजणारं यंत्र निरोप पाठवायचं, पाय चोळणारं पाठवायचं, वजनकाटा तर रोज टोमणे मारायचा. त्याने सगळ्यांची तोंडं एकदमच बंद करून टाकली होती, त्यात माझंही.

आजीने मात्र ऐकलं. "अरे हौशा, हे कुलूप रडतंय बघ. सेल संपले असतील त्याचे."

"नाही गं आई. दोन वर्षं चालतात ते. काहीतरी अपडेट असेल."

चार दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, तो नाडी बांधत असताना. "त्याचा आवाज बसत चाललाय रे. बघ तरी उघडून."

"बघतो संध्याकाळी," तो म्हणाला. संध्याकाळी शोरूममधून येताना त्याने एका हवा साफ करणाऱ्या यंत्राची मागणी नोंदवली होती आणि तो त्याच आनंदात होता.

ते यंत्र आलं मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. आजीने शेगडीवर मुंगीचं दूध ठेवलं होतं. घंटी वाजली. वरचं बटण दाबून तिने दार उघडलं, आणि त्या एका उघडण्यात माझा निम्मा जीव गेला. खोकं पोचवणारा माणूस घाईत होता. "आजी, जड आहे, इथेच ठेवतो. इथे सही करा." त्याने खोकं जिन्याच्या कडेला टेकवलं. आजी चष्मा सावरत दोन पावलं पुढे गेली, सही केली. तो खाली पळाला. ती खोकं ढकलायला वाकली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा आला.

दार लागलं. मी काय करणार? दार लागलं की पाच मोजून बंद व्हायचं, हेच मला शिकवलेलं. आणि आत एकटी मुंगी, तिला उघडता येऊ नये म्हणून तर आतला दांडा अडवलेला होता. मी कडी सरकवली. त्यात होतं नव्हतं ते सगळं संपलं.

आजीने आकडे दाबले. बरोबर आकडे, सहाच्या सहा. माझ्या तोंडावर उजेडच आला नाही. तिने पुन्हा दाबले. मी तिला ओरडून सांगत होतो, आजी, चूक तुझी नाही, मी मेलोय. पण मेलेल्याने कसं सांगायचं?

"आजी?" आतून मुंगीचा आवाज आला. "आजी, दूध वर येतंय."

समोरच्या घराला कुलूप. फोन आत, टेबलावर. आजीने दारावर हात आपटले. मग तिला वास आला. दूध उतू जाऊन करपलं होतं, पण आता येत होता तो दुधाचा वास नव्हता. शेगडीला खेटून पाव भाजायचं यंत्र होतं, त्याला खेटून रसाचं, आणि त्यांच्या मधल्या फटीत हात पुसायचं फडकं. जळणाऱ्या प्लास्टिकचा वास होता तो. खालच्या फटीतून काळा धूर यायला लागला.

मी पुष्कळ माणसं घाबरलेली पाहिलीत. घाबरलेला माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो. आजीने तसं केलं नाही. तिने माझ्याशी झटापट सोडली आणि फरशीवर आडवी झाली, दाराच्या फटीला तोंड लावून.

"मुंगे, शेगडीजवळ जायचं नाही हं. ऐकतेस ना? आपण एक खेळ खेळू. मुंगी कशी चालते?"

"खाली खाली."

"पोट जमिनीला टेकवून! तशी चालत ये बघू माझ्याकडे. डोकं वर काढलं की डाव गेला."

मुंगी खोकत होती. पण आली. सरपटत आली. फटीतून चार इवलीशी बोटं बाहेर आली आणि आजीने ती ओठांना लावली.

"आता नाक इथे, फटीला. अस्संच. मी खाली सुतारकाकांना बोलवायला जाते. तू वीसपर्यंत मोजायचं. वीस झाले की पुन्हा एकपासून. नाक हलवायचं नाही. हललीस तर मला कळेल हं."

"मला चौदाच्या पुढचं येत नाही."

"मग चौदा चौदा मोज, माझी बाई."

पहिल्या मजल्यावर सुताराच्या करवतीचा आवाज चालू होता. त्या आवाजात हाक कुणाला ऐकू गेली नसती, हे तिने ओळखलं होतं. गुडघे दुखणारी ती बाई दोन मजले कशी उतरली, मला माहीत नाही. मी आतून ऐकत होतो. नऊ, दहा, खोकला, अकरा. चौदा झाले. पुन्हा एक. दुसऱ्या खेपेला आठवर आवाज थांबला, आणि मला वाटलं, संपलं. मग हळूच आला, "नऊ."

सुतार आला तो तीन तीन पायऱ्या चढत. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, शिवी हासडली आणि माझ्या कानाशी पटाशी लावली. मार, बाबा! मार! जन्मात पहिल्यांदा मला तुटायचं होतं. चौथ्या घावाला माझं तोंड फुटलं, सहाव्याला कडी वाकली, दार उघडलं, आणि आजीने त्या धुरात हात घालून पोरीला ओढून बाहेर काढलं. सुतार तोंडाला ओला रुमाल बांधून आत घुसला. त्याने गॅस बंद केला, विजेचं मुख्य बटण पाडलं, ओल्या पोत्याने ओटा विझवला. अर्धा ओटा काळा पडला होता. मुंगी जिन्यात बसून खोकत होती, रडत होती, जिवंत होती.

संध्याकाळी डॉक्टरकडून सगळे परत आले. मुंगीला काही झालं नव्हतं. सुतार थांबला होता. त्याने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, आजींचं डोकं ठिकाणावर होतं म्हणून पोरगी हाती लागली. मी असतो तर दारच बडवत बसलो असतो." एवढं बोलून तो गेला. त्याचं बोलणं तिथेच टेबलावर पडून राहिलं.

हौशाने माझं झाकण काढलं. चार सेल टेबलावर सांडले. लाल पट्ट्याचे.

"हे तर रेडिओचे सेल," त्याची बायको म्हणाली. तिचा आवाज चढला होता. दिवसभर दाबून धरलेली भीती होती ती. "आई, तुम्ही काढलेत कुलपाचे सेल? रेडिओसाठी?"

"मी? नाही गं."

"मग हे कुठून आले आत? लाल सेल तुमच्याशिवाय कोण वापरतं?"

आजीने त्या सेलांकडे पाहिलं. मग हौशाकडे पाहिलं. तो खरंच विसरला होता, हे मी त्याच्या बाजूनेही सांगतो. त्या क्षणापर्यंत खरंच विसरला होता. तो म्हणाला, "आई, आकड्यांचंही तसंच झालं होतं. तुला आठवत नाही. आम्ही रागावत नाही गं तुझ्यावर. फक्त कबूल कर, म्हणजे आपल्याला काहीतरी करता येईल."

आजी कपाळाला आठ्या घालून आपलंच डोकं धुंडाळत होती. मग म्हणाली, "काढले असतील मीच. लाल आहेत म्हणजे माझेच." आणि उठून आत गेली. तिच्या पाठोपाठ सूनही गेली, मुंगीला थोपटायला.

हौशा एकटाच टेबलाशी उरला. डोकं हातात धरून बसला होता. त्याचा कोपर त्या रुपेरी दांडीला लागला, ती आडवी पडली आणि बटण दाबलं गेलं. गुर्रर्र. टेबलावर निळा उजेड पडला.

तो दचकला. दांडी उचलली. हळूहळू तिचं बूड फिरवून उघडलं. आत चार सेल. निळ्या पट्ट्याचे.

त्याचा चेहरा कसा उतरत गेला ते मी अगदी समोरून पाहिलं. त्याला सगळं आठवलं. त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एकदा उठूनही उभा राहिला. मला वाटलं, जाणार आता. जा रे! चार शब्द तर बोलायचेत. पोरगी वाचलीय, कुणी तुला खाणार नाही.

तो बसला. बूड पुन्हा फिरवून बंद केलं. मग ती दांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, जिना उतरून खाली गेला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकून आला. या घरातून बाहेर गेलेलं ते पहिलं यंत्र.

पुढचं लवकर सांगतो. सुतार आला, त्याने दाराला चावीचं साधं कुलूप बसवलं. मला सूनबाईंनी दारामागच्या बुटांच्या कपाटावर ठेवलं, दुरुस्त होईल म्हणून. आजीला एका डॉक्टरकडे नेलं. त्याने प्रश्न विचारले. आल्यावर सून म्हणाली, "वयाच्या मानाने बरं आहे म्हणाले ना ते?" हौशा म्हणाला, "लक्ष ठेवा असंही म्हणाले." त्याने तेवढंच धरून ठेवलं. ज्याला खरं माहीत होतं त्यालाच आता तिच्या विसराळूपणाची सगळ्यात जास्त गरज होती. मुंगीची सोय पाळणाघरात झाली, आणि आजीची एका ठिकाणी. चांगली जागा आहे म्हणतात. बाग आहे.

जायच्या आधीच्या आठवड्यात तिने एक वही बांधली. कागद दुमडले, बोटांनी मोडी घासल्या, सुई-दोऱ्याने शिवली. हात जराही अडखळले नाहीत. त्या वहीत ती सगळं लिहू लागली. गॅस बंद केला. नळ बंद केला. गोळी घेतली. आणि लिहून झाल्यावरही उठून पुन्हा गॅस बघून यायची. पूर्वी ती असं कधी करत नव्हती. मी वर्षभर तिच्याबरोबर काढलंय. मी शपथेवर सांगतो, नव्हती करत.

रविवारी सकाळी हौशाने तिची पेटी दारात आणली. मुंगी तिच्या कमरेला मिठी मारून उभी होती. "आजी, मी आता वीसपर्यंत मोजते."

"माझी गुणाची गं," आजी म्हणाली.

हौशाने घसा साफ केला. मला वाटलं, आता. आता बोलेल. त्याचे ओठ हललेसुद्धा.

"आई, गोळ्या घेतल्यास ना बरोबर? नाहीतर विसरशील."

तिने पिशवी उघडून पाहिलं. गोळ्या होत्या, तिनेच दहा मिनिटांपूर्वी ठेवलेल्या. पिशवी बंद केली. एक पायरी उतरली, थांबली, आणि पुन्हा उघडून पाहिलं. हौशा तिच्या हातांकडे पाहत होता. त्याने नजर वळवली आणि पेटी उचलली.

मी एक भंगलेलं कुलूप. मला कुणी साक्षीला बोलावणार नाही. पण तुम्ही ऐकलंत, म्हणून हात जोडून सांगतो. हौशाकडे जाऊ नका, त्याला सगळं ठाऊक आहे. तिच्याकडे जा. तिला सांगा, आजी, सेल तू काढले नव्हतेस. आकडे तुला कुणी सांगितलेच नव्हते. तुझं डोकं त्या इमारतीत सगळ्यात शाबूत होतं.

आणि लवकर जा. निघताना तिने वही चाळली तेव्हा पहिलं पान मला दिसलं. मोठ्या, सुबक अक्षरात तिने लिहून ठेवलंय, 'कुलपाचे सेल मी काढले. मला आठवत नाही, पण मीच काढले. मुंगी मरता मरता वाचली.' रोज सकाळी उठून ती ते पान वाचत असेल. आणि तिची स्मरणशक्ती फार चांगली आहे हो, एकदा वाचलेलं ती विसरत नाही.